नव्या लाइनवरची जागा

अश्विन भोये ज्या शेडमध्ये काम करायचा तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. वेल्डिंगच्या गन तडतडायच्या, पत्र्यावर हातोडे पडायचे, गाड्यांचे उघडे सांगाडे साखळीवरून घरघरत पुढे सरकायचे आणि सगळी माणसं कानात रबरी बोळे घालून आपापल्या जागी वाकलेली असायची. नवखा माणूस दहा मिनिटांत डोकं धरून बाहेर पळायचा. अश्विनला त्या आवाजाचा काहीच त्रास नव्हता. वयाच्या चौथ्या वर्षी तापात त्याचे कान गेले होते.

कंपनी अंबडला होती. मालवाहू पिकअप गाड्या तिथे बनायच्या, आणि अश्विन त्यांना दरवाजे बसवायचा. दरवाजा उचलून बिजागरीला लावायचा, बोल्ट अर्धवट आवळायचे, मग दरवाजा आणि चौकट यांच्या मधल्या फटीवरून बोट फिरवायचं. वरून खालपर्यंत फट एकसारखी लागली की बोल्ट पक्के करायचे. त्याचा जोडीदार होता हिरामण, निवृत्तीला आलेला फिटर. अश्विन नवा असताना त्याच्याशी कसं बोलायचं हे कुणालाच कळत नव्हतं. हिरामणनं मात्र पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून पाणी, पाना, वाकडं, थांब, झालं एवढ्या खुणा शिकून घेतल्या. बाकीच्यांनी पाहिलं, की या दोघांचं काम ओरडण्यावाचून चाललंय. मग हळूहळू सगळी शेडच हातांनी बोलायला लागली. माणसांनाही खुणा पडल्या. मिशीला पीळ दिला की हिरामण. भुवईवर बोट ठेवलं की सुपरवायझर मनोज, कारण त्याच्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक होती. ही खूण मनोजलाही माहीत होती. तो हसून सोडून द्यायचा.

अश्विनचं गाव पेठच्या बाजूला, डोंगरात. वडील सहादू पावसाळ्यात भात-नागली करायचे आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरायचे. पोराचे कान गेल्यावर गावातल्या लोकांनी त्यांना सांगितलं, याला बकऱ्यांमागे लावा. आई चांगुणाला ते मुळीच पटलं नाही. ज्या बागेत ती कामाला होती, त्या बागायतदाराच्या सुनेकडून तिला कळलं की नाशिकला अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. सहादू म्हणाले, "एवढा ल्हान पोर, त्याला अजून धड बोलताबी येत नाय. तिथं कसा ऱ्हाईल?"

"इथं तरी कुनाशी बोलतोय तो?" चांगुणा म्हणाली. "तिथं त्याच्यासारखी पोरं हायेत. बोलंल त्यांच्याशी."

तसंच झालं. शाळेत अश्विनला हातांची भाषा मिळाली, पुढे आयटीआय मिळालं, आणि रोशनीही तिथेच भेटली. रोशनी जन्मापासून बहिरी, नाशिकरोडची, जिभेऐवजी बोटांनी चुरूचुरू भांडणारी. लग्नानंतर दोघं अंबडजवळच्या एका कॉलनीत खोली घेऊन राहिली. ती घरी शिवणकाम करायची, तो कंपनीत जायचा. सगळं ठीक चाललं होतं, असं म्हणायला हरकत नव्हती.

मग एक दिवस कंपनीनं सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मोठ्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. एक नवी एसयूव्ही होती, रुंद, उंच, पेट्रोलवर आणि बॅटरीवर दोन्ही प्रकारांत निघणारी. तिच्या मागोमाग, पुढच्या वर्षी, नवी पिकअप. त्यासाठी जुनी शेड बंद होणार होती, वेल्डिंगला रोबो येणार होते. पार्ट आणायला चालकाशिवाय जमिनीवरून आपोआप फिरणाऱ्या ट्रॉल्या येणार होत्या. एकाही कायम कामगाराची नोकरी जाणार नाही, सगळ्यांना प्रशिक्षण मिळेल, असंही साहेब म्हणाले. हिरामण शेजारी बसून जमेल तसं अश्विनला खुणांनी सांगत होता. 'रोबो'ला खूण नव्हती, म्हणून त्यानं हात ताठ करून मान झटकली. मागच्या रांगेतली माणसं हसायला लागली.

अश्विनचं लक्ष चित्रातल्या दरवाज्याकडे होतं. पिकअपच्या दरवाज्यापेक्षा तो जड होता, वरची कड वळणाची होती. फट धरायला अवघड जाणार, हे त्याला लगेच दिसलं. आणि तो आपण बसवायचा, हेही त्यानं तिथेच बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

शेड बंद झाल्यावर बाकीच्यांना प्रशिक्षणाचे गट पडले. अश्विनला मनोजनं बाजूला घेतलं. मनोज मोबाइलवर लिहून दाखवायचा, कारण त्याच्या खुणा कामापुरत्याच होत्या. त्यानं लिहिलं, "तुला स्टोअरला टाकलंय. रिकामे खोके लावायचं काम. पगार तोच. मन लहान करू नको."

अश्विननं विचारलं, "का?"

मनोजनं उत्तर लिहायला वेळ लावला. "नव्या ट्रॉल्या जवळ आल्या की संगीत वाजवतात. तुला ते ऐकू येणार नाही. सेफ्टीनं नाही म्हटलंय."

हिरामणला हे कळलं तेव्हा तो तावातावानं उठला. "मी जातो साहेबाकडं. माझी एवढी वर्षं झाली इथं, माझं ऐकतील."

अश्विननं त्याचा दंड धरून त्याला बसवलं. "माझं मी बोलतो," तो हातांनी म्हणाला.

सेफ्टी ऑफिसर होत्या मीना कडलग. वर्ष-दीड वर्षापूर्वी आलेल्या, फार न बोलणाऱ्या बाई. त्यांनी अश्विनला समोर बसवलं आणि टेबलावरचा की-बोर्ड दोघांच्या मध्ये ठेवला. स्क्रीनवर एकदा त्यांनी लिहायचं, एकदा त्यानं.

"ट्रॉलीसमोर माणूस आला तर ती आपोआप थांबते, असं साहेब म्हणाले होते," अश्विननं लिहिलं.

"थांबते. पण माल भरलेली असली की जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे येते. म्हणून तर आधी संगीत वाजतं. माणूस बाजूला होतो."

"मी पाहून बाजूला होईन."

"तुमची पाठ तिकडे असेल, भोये."

"एकदा ट्रायल घ्या."

मीनाबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग लिहिलं, "घेते. पण त्यात जे दिसेल ते दोघांनीही मान्य करायचं."

नवी लाइन अजून अर्धीच उभी होती. रोबो पिवळ्या कापडात गुंडाळलेले होते, पण दरवाज्यांचं स्टेशन आणि ट्रॉलीची वाट तयार होती. ट्रायलच्या दिवशी मनोज, मीनाबाई आणि ट्रॉल्या पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर बाजूला उभे राहिले. अश्विननं दरवाजा घेतला. पहिली ट्रॉली आली, तो आधीच सरकला. दुसरी आली, तेव्हाही सरकला. तो दर थोड्या वेळानं मान वळवून मागे पाहत होता, आणि त्यामुळे दरवाज्यावर त्याचा हात बसत नव्हता. फट वर मोकळी, खाली आवळलेली. त्याला राग आला. ती खालची बाजू नीट करायला तो वाकला, आणि तेवढ्यात रॅकच्या आडून वळण घेऊन माल भरलेली ट्रॉली आली.

त्याला कळलं ते तिची कड पोटरीला टेकली तेव्हा. लागलं काही नाही. ट्रॉली थांबली होती. पण तो दचकून झटक्यात सरळ झाला, डोकं दरवाज्याच्या कडेवर आपटलं, आणि हेल्मेट उडून लांब जाऊन पडलं. मनोज धावत आला. मीनाबाई जागच्या हलल्या नाहीत. अश्विननं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. मनोजनं उचलून दिलेलं हेल्मेट घेऊन तो कुणाकडे न पाहता बाहेर पडला.

घरी त्यानं रोशनीला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्राजवळ बसली होती. समजूत घालणं हा तिचा स्वभाव नव्हता.

"दरवाजा कसा बसला?" तिनं विचारलं.

"घाण बसला."

"मग बाईंचं काय चुकलं? तू अर्धा वेळ मागे बघणार, तर दरवाजा कोण बघणार?"

"म्हणजे मी खोकीच लावू?"

"मी तसं म्हटलंय का?" तिची बोटं तडतडली. "अजून जोर लावून मागे बघशील, अजून वाईट होईल. बघण्यानं होणार नाही. काहीतरी तुला सांगायला आलं पाहिजे. ते काय, ते मला विचारू नकोस. कारखाना तुझा आहे."

आठवड्यानं गावाकडून व्हिडिओ कॉल आला. सहादूंना हातांची भाषा येत नसे. घरच्या चार खुणा आणि ओठ, एवढ्यावर बापलेकाचं चालायचं. खोक्यांचं ऐकून ते म्हणाले, "लय तरास असंल तर ये इकडं. जमीन हाय आपली." चांगुणानं त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. तिनं मुलाकडे पाहून मूठ आवळली, छातीशी धरली आणि खाली नेली. तो शाळेत जायला रडायचा तेव्हापासूनची तिची खूण होती ती. अर्थ एवढाच, की पाय रोवून उभा राहा.

अश्विन स्टोअरमध्ये रुजू झाला. काम सोपं होतं: सुट्या भागांची रिकामी प्लास्टिकची खोकी आकाराप्रमाणे लावायची, रचायची, परत पाठवायची. स्टोअरमधली माणसं चांगली होती, पण खुणा कुणालाच येत नव्हत्या. तो दिवसभर गप्प असायचा, म्हणजे हातांनीही गप्प. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो न चुकता नव्या लाइनच्या काचेपाशी जाऊन उभा राहायचा. त्याच्या स्टेशनवर आता दुसरा फिटर होता, झुंबर. तो जुना हुशार गडी होता, पण एसयूव्हीचा दरवाजा त्यालाही दमवत होता. अश्विन काचेतून पाहायचा, त्याचा हात कुठे घसरतो ते ध्यानात ठेवायचा आणि संध्याकाळी गेटवर हिरामणला गाठून दाखवायचा, की वरचा बोल्ट आधी आवळा, खालचा नंतर. हिरामण झुंबरला सांगायचा. कधी ते बरोबर निघायचं, कधी साफ चुकायचं, आणि झुंबर दुसऱ्या दिवशी काचेकडे पाहून नकारार्थी हात हलवायचा.

स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट फिरायच्या. दोन्ही बाजूंना उंच रॅक, मधे अरुंद बोळ, आणि त्यातून पुढे दोन पाती काढलेल्या गाड्या माल घेऊन ये-जा करायच्या. महिनाभरानंतर कधीतरी, एक मोठा खोका उचलताना, अश्विन आपोआप एका बाजूला झाला. मागून फोर्कलिफ्ट गेली. तो खोका तसाच हातात धरून उभा राहिला. आपण वळून पाहिलं नव्हतं. मग आपल्याला कळलं कसं?

तो पुढची फोर्कलिफ्ट यायची वाट पाहत राहिला. तिच्या छताला एक दिवा होता. त्याचा निळा ठिपका गाडीच्या कितीतरी पुढे जमिनीवर पडत होता आणि गाडीच्या आधी सरकत येत होता. रॅकच्या कोपऱ्यावरून गाडी वळायच्या आधी ठिपका वळत होता. अश्विन खाली मान घालून खोकी लावत होता, आणि ठिपका नेमका त्याच्या नजरेसमोरच्या जमिनीवर येत होता. इतके दिवस तो त्या ठिपक्याला वाट देत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

त्यानं खोका खाली ठेवला आणि थेट मीनाबाईंचं ऑफिस गाठलं. त्या कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. तो दारात थांबला. फोन ठेवल्यावर त्यानं काही लिहिलं नाही, फक्त चला अशी खूण केली. का कोण जाणे, त्या उठल्या.

त्यानं त्यांना बोळात नेलं, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून उभं केलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. निळा ठिपका त्यांच्या बुटांपाशी येऊन पोचला, तशा त्या एक पाऊल बाजूला झाल्या. मग त्यांनी अश्विनकडे पाहिलं आणि मोबाइल काढला.

"हे दिवे मीच बसवून घेतले होते. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त फोर्कलिफ्ट होत्या," त्यांनी लिहिलं. मग जरा थांबून आणखी लिहिलं, "ट्रॉलीवर लावता येतील. पण त्यांची कंपनी सहजी ऐकणार नाही. आणि त्या वळणावर दिवासुद्धा पुरा पडणार नाही, रॅक आडवा येतो."

"रॅक हलवा," अश्विननं लिहिलं.

मीनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "तुम्हाला रॅक हलवणं म्हणजे खोकं हलवणं वाटतं."

ते खरंच सोपं नव्हतं. रॅक हलवला तर ट्रॉली जिच्यावरून चालते ती जमिनीतली पट्टी उखडून पुन्हा टाकावी लागणार होती, आणि एसयूव्ही बाजारात आणायची तारीख ठरलेली होती. ट्रॉलीवाला इंजिनीअर म्हणाला, दिव्याची जोडणी आमच्या आराखड्यात नाही. मनोज म्हणाला, एका माणसासाठी एवढं? हे वाक्य त्यानं मीटिंगमध्ये म्हटलं, आणि अश्विन समोरच बसला होता. ओठ वाचता येतात हे मनोज विसरला होता.

अश्विन उठला. तो आवाजानं क्वचितच बोलायचा. त्याचा आवाज जाड होता, शब्द अर्धे तुटायचे, आणि लोक कसनुसं तोंड करतात हे त्याला दिसायचं. त्या दिवशीही तो आवाजानं बोलला नाही. त्यानं दाराबाहेर बसलेल्या हिरामणला आत बोलावलं आणि हात चालवले. हिरामण एकेक वाक्य मोठ्यानं सांगत गेला.

"तो म्हणतोय, लाइन सुरू झाल्यावर सगळ्यांच्या कानात बोळे असणार. तुम्हीच घालायला लावता. मग संगीत कुणाला ऐकू येणार?"

मीनाबाईंनी समोरचा लॅपटॉप वळवला. "मलाही हीच शंका होती, म्हणून मी परवा आवाज मोजला," त्या म्हणाल्या. "अजून सगळे रोबो सुरूही नाहीत, तरी त्या वळणावर संगीत नीट ऐकू येत नाही. मी वर कळवलंय. भोयेंचं काय करायचं ते नंतर बघू, पण दिवे आपल्याला लागणारच आहेत."

मनोजनं मान खाली घातली. मीटिंगनंतर तो अश्विनजवळ आला, भुवईवर बोट ठेवलं आणि मग दोन्ही कान पकडले. अश्विन लगेच विरघळला असं नाही. त्यानं एक क्षण त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग मनोजच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला.

दिवे बसायला वेळ लागला. रॅक काही हलला नाही, पण त्याच्या खालच्या दोन फळ्या काढून आरपार दिसेल असं केलं आणि कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा लावला. तोवर हिरामण निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये भाषणं झाली. त्यानं उत्तरादाखल माइक बाजूला सारला आणि सगळं हातांनीच बोलला. जुन्या शेडमधल्या माणसांना बरंचसं कळलं. नवी मंडळी एकमेकांना विचारत राहिली. अश्विन सगळ्यात पुढे बसला होता, आणि त्याला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या ट्रायलला अश्विननं एकदाही मागे पाहिलं नाही. मुद्दाम नाही, गरजच पडली नाही. निळा ठिपका आला की तो सरकत होता आणि पुन्हा दरवाज्यावर येत होता. मीनाबाईंनी एक ट्रॉली न सांगता उलट्या बाजूनं आणवली. तो सरकला. मग तो वाकलेला असताना आणवली. तो वाकल्या वाकल्याच सरकला. दरवाजा मात्र पहिल्या खेपेला बसला नाही. दुसऱ्यालाही नाही. झुंबर शेजारी येऊन उभा राहिला, त्यानं दरवाज्याचा खालचा कोपरा गुडघ्यानं किंचित उचलून धरला, आणि अश्विननं वरचा बोल्ट आवळला. मग फटीवरून बोट फिरवलं. वरून खालपर्यंत एकसारखी.

"हा दरवाजा दोघांचा आहे," झुंबरनं मनोजला सांगितलं. "एकट्याचा नाही. आम्हाला दोघांना ठेवा इथं." मनोजनं ते मान्य केलं. मीनाबाईंनीही अश्विनला लाइनवर घ्यायला हरकत नाही असं कळवलं. पण सहा महिने दर पंधरवड्याला येऊन त्या स्वतः पाहणार होत्या. अश्विनला ती अट आवडली नाही. तरी तो त्यांना म्हणाला, या.

एसयूव्ही ठरल्यापेक्षा थोडी उशिरा निघाली. पहिली गाडी लाइनवरून उतरली तेव्हा साहेबांनी नारळ फोडला, फोटो काढले. अश्विन फोटोत मागे कुठेतरी आहे, अर्धा झुंबरच्या आड. रोशनीनं तो फोटो मोठा करून त्याला दाखवला आणि म्हणाली, "पुढच्या गाडीला पुढे उभा राहा."

आता शेजारच्या शेडमध्ये नव्या पिकअपची तयारी चालू आहे. दिवे या वेळी सुरुवातीपासूनच आराखड्यात आहेत. तिथे काम करायला अश्विनच्या शाळेतून दोन जणी घेतल्या आहेत. त्यातली सुवर्णा पहिल्या दिवशी इतकी घाबरली होती, की तिचे हात पदरातून बाहेरच येईनात. अश्विननं तिला नेऊन झुंबरसमोर उभं केलं. झुंबरनं तिला आपल्या तोडक्यामोडक्या खुणांनी नाव विचारलं. विचारायचं होतं नाव, पण खूण निघाली वजनाची. ती खळखळून हसली, आणि तिचे हात सुटले.

एक गोष्ट राहिली आहे. आग लागली तर वाजणाऱ्या भोंग्याला अजून कुठेच दिवा नाही; स्वच्छतागृहात तर नाहीच. मीनाबाई म्हणतात, मंजुरी यायची आहे. अश्विन दर सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो, भुवया उंचावतो आणि छताकडे बोट दाखवतो. त्या मान हलवतात, अजून नाही. तो मान हलवतो, बरं, आणि कामावर जातो. येत्या सोमवारी तो सुवर्णालाही बरोबर नेणार आहे.